तुटीला दंड, वस्तीला शिफारस : युरोपीय परिषदेस खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व सर्व २७ देशांचे प्रमुख,
युरोपीय परिषद, ब्रसेल्स.

विषय : १६ सप्टेंबर २०१० च्या बैठकीत राहून गेलेले काम.

स.न.वि.वि.

युरोपीय संघाच्या नागरिकाला तुमच्या २४ अधिकृत भाषांपैकी कोणत्याही भाषेत पत्र लिहिता येते आणि त्याच भाषेत उत्तर मागता येते. मी संघाचा नागरिक नाही. नोकरीनिमित्त जर्मनीत राहतो, कर भरतो, आणि माझी भाषा त्या २४ मध्ये बसत नाही. तेव्हा उत्तराचे बंधन तुमच्यावर नाही. ज्यांच्याविषयी लिहितो आहे ते रोमा लोक, ज्यांना 'जिप्सी' म्हणून हिणवले जाते, मात्र तुमचेच नागरिक आहेत. संघात त्यांची संख्या साठेक लाख धरली जाते, म्हणजे जवळजवळ डेन्मार्कइतकी. डेन्मार्कला तुमच्या टेबलाशी खुर्ची आहे. रोमांना ती नाही, आणि त्यांची रोमानी भाषाही त्या २४ मध्ये नाही.

२०१० च्या त्या दिवशी तुमच्यातले बहुतेक जण त्या खोलीत नव्हते. तेव्हाही सदस्य २७ च होते. ब्रिटन होता, क्रोएशिया यायचा होता. ग्रीसचे हिशेब खोटे निघून वर्ष होत आले होते. मे महिन्यात त्याला ११० अब्ज युरोंचा टेकू द्यावा लागला होता आणि आता पाळी कोणाची, याकडे बाजार डोळे लावून बसला होता. संघाचा कारभार नव्याने बांधणारा लिस्बन करार लागू होऊन दहा महिनेही झाले नव्हते. अध्यक्ष हरमन वान रॉम्पॉय यांच्यापुढे मुख्य कामे दोन होती. चीन, भारत अशा बड्या देशांशी युरोपने एका आवाजात कसे बोलायचे हे एक, आणि युरो तगवायला आर्थिक शिस्त कशी लावायची हे दुसरे. तिसरा विषय कोणी हौसेने आणलेला नव्हता. तो दुपारच्या जेवणात निघाला आणि जेवण कडू करून गेला.

झाले होते असे. जुलैत फ्रान्सच्या मध्यभागात पोलिसांच्या गोळीने एक तरुण गेला आणि संतापलेल्या जमावाने पोलीस ठाण्यावर हल्ला केला. तो तरुण फ्रेंच नागरिक होता, तिथल्याच फिरस्त्या समाजातला. पण बिल फाटले ते रोमेनिया-बल्गेरियातून आलेल्या रोमांच्या नावावर. ३० जुलैला ग्रनोबल शहरात राष्ट्राध्यक्ष निकोला सार्कोझी यांचे भाषण झाले. ५ ऑगस्टला गृहखात्याचे परिपत्रक निघाले : तीन महिन्यांत ३०० बेकायदा वस्त्या उठवा, आणि त्यातही आधी रोमांच्या. मोठ्या माणसाच्या हातावर ३०० युरो आणि लहान मुलामागे १०० युरो टेकवून लोकांना विमानात बसवणे सुरू झाले. फ्रान्सचे मंत्री युरोपीय आयोगाला, म्हणजे संघाच्या कार्यकारी मंडळाला, सांगत होते की कुठल्याही एका समाजावर रोख नाही. सप्टेंबरात परिपत्रक फुटले आणि त्यात समाजाचे नावच लिहिलेले निघाले. न्यायखात्याच्या आयुक्त विवियान रेडिंग यांनी थेट दुसऱ्या महायुद्धाची आठवण काढली. दोन दिवसांनी तुमची बैठक होती.

जेवणाच्या टेबलावर सार्कोझी आणि आयोगाचे अध्यक्ष बारोझो यांची खडाजंगी झाली. इटलीचे बर्लुस्कोनी सार्कोझींच्या पाठीशी उभे राहिले, आणि त्यात नवल नव्हते. २००८ पासून त्यांच्याकडे वस्त्यांत शिरून रोमांच्या बोटांचे ठसे घेणे चालू होते. पत्रकारांपुढे सार्कोझी म्हणाले की मर्केलही जर्मनीतल्या वस्त्या हलवणार आहेत. बर्लिनने लगेच हात झटकले. बाकीच्यांनी मान खाली घालून जेवण संपवले असावे, कारण त्यांचे काही गाजलेले ऐकिवात नाही. एकमत झाले ते एवढ्यावर, की रोमांच्या समावेशाचा विषय पुढच्या एखाद्या बैठकीत घेऊ.

या तीन विषयांचे पुढे काय झाले, हे शेजारी शेजारी ठेवून पाहा. माझे सगळे म्हणणे त्यातच आहे.

आर्थिक शिस्तीचे काम १५ महिन्यांत फत्ते झाले. १३ डिसेंबर २०११ ला सहा कायदे एकदम लागू झाले. देशाच्या उत्पन्नाच्या मानाने सरकारी तुटीची ३ टक्क्यांची आणि कर्जाची ६० टक्क्यांची मर्यादा मास्ट्रिक्टच्या करारापासून होतीच, आता तिला दात आले. पूर्वी दंड करायचा तर बहुमत जमवावे लागे. नव्या नियमात आयोगाने सुचवलेला दंड अडवायचा असेल तर बहुमत जमवावे लागते. उलटी मोजणी. ज्याने हे सुचवले त्याला मी मानतो, कारण टेबलाशी बसलेल्यांची एकमेकांना सांभाळून घेण्याची खोड त्याने नेमकी ओळखली होती. पुढे २५ देशांनी वेगळा करारही केला. युरो वापरणारे देश दर वर्षी १५ ऑक्टोबरपर्यंत पुढल्या वर्षाच्या अर्थसंकल्पाचा मसुदा आयोगाला दाखवू लागले. आपल्या संसदेने मंजूर करण्याआधी!

दात आले म्हणजे चावले असे नाही, हेही मान्य. २०१६ मध्ये स्पेन आणि पोर्तुगाल यांचा दंड ठरवायची वेळ आली तेव्हा आकडा निघाला शून्य. त्याच वर्षी फ्रान्सला इतकी सवलत का, असे विचारल्यावर आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष युंकर यांनी सरळ सांगून टाकले की तो फ्रान्स आहे म्हणून. तरी सगळेच कागदावर राहिले असेही नाही. व्हॅलेन्सिया प्रांताने आरोग्यखर्चाचे आकडे दडवले, म्हणून २०१५ मध्ये स्पेनला १ कोटी ८९ लाख युरोंचा दंड झाला. साल्झबुर्गच्या अशाच प्रकरणात ऑस्ट्रियाला २०१८ मध्ये सुमारे २ कोटी ६८ लाख युरो भरावे लागले. हा दंड तुटीसाठी नव्हता. चुकीची नोंद केली म्हणून होता. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रोमांच्या वाट्याला काय आले? ५ एप्रिल २०११ ला आयोगाने एक चौकट मांडली. शिक्षण, रोजगार, आरोग्य आणि घर या चार बाबतींत प्रत्येक देशाने २०२० पर्यंतची आपली योजना लिहावी. जूनमध्ये तुमच्या परिषदेने तिच्यावर मोहोर उमटवली. २०१३ मध्ये शिफारस आली. २०२० उजाडले तेव्हा २०३० पर्यंतची नवी चौकट आली, २०२१ मध्ये तिच्यासाठी नवी शिफारस. दंड, मुदत, उलटी मोजणी यांतले काहीच नाही. तुमच्याच मूलभूत हक्क संस्थेचे आकडे बोलके आहेत. तिच्या २०१६ च्या पाहणीत १०० पैकी ८० रोमा दारिद्र्याच्या छायेत होते. २०२१ मध्ये? ८०. ज्या शाळांत सगळी किंवा बहुतेक मुले रोमाच आहेत अशा शाळांत जाणारी रोमा मुले २०१६ मध्ये १०० पैकी ४४ होती, २०२१ मध्ये ५२ झाली.

शाळांचा मुद्दा मी जास्त ताणतो आहे. कारण बाकी सगळे तिथूनच सुरू होते.

ओस्त्रावा हे चेक प्रजासत्ताकातले कोळसा-पोलादाचे जुने शहर. १९९९ च्या सुमारास तिथल्या प्राथमिक शाळांतल्या मुलांत रोमांचे प्रमाण जेमतेम सव्वादोन टक्के होते. मतिमंद मुलांसाठी ज्या 'विशेष शाळा' होत्या, त्यांत मात्र निम्म्याहून जास्त मुले रोमा. रोमा मूल तिकडे पाठवले जाण्याची शक्यता इतर मुलांच्या २७ पट. मुलाची बुद्धिमापन चाचणी घेतली जाई, मानसशास्त्रज्ञ शेरा मारत, पालकांची सही घेतली जाई. पुष्कळदा सही तयार छापील अर्जावर. सही केली म्हणजे आईबापांची संमती आहे, असे सरकारचे म्हणणे. १८ मुलांच्या वतीने प्रकरण स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेले. २००६ मध्ये ते हरले. वरच्या पीठापुढे अपील झाले आणि १३ नोव्हेंबर २००७ ला १३ विरुद्ध ४ मतांनी जिंकले : हा भेदभाव आहे. भरपाई प्रत्येकी ४,००० युरो.

१८ मुलांचे मिळून ७२,००० युरो होतात. व्हॅलेन्सियाच्या चुकीच्या नोंदीसाठी १ कोटी ८९ लाख. न्यायालये वेगळी, कायदे वेगळे, स्ट्रासबुर्गचे न्यायालय तर तुमच्या संघाचे नव्हेच, हे मला कळते. पण धडधाकट पोराच्या कागदावर 'मतिमंद' लिहिणे ही सुद्धा चुकीची नोंदच ना? त्या नोंदीचा खर्च सरकारी तिजोरीतही उमटतो, आयुष्यभर उमटतो. काम न मिळणाऱ्या माणसाचा कर येत नाही. फक्त तो वार्षिक ताळेबंदात दिसत नाही, म्हणून तुमच्या लेखापालांना तो सापडत नाही.

यावर कोणी म्हणेल, ही जुनी गोष्ट झाली. मग हंगेरीतले ग्योंग्योशपाता घ्या. त्या गावच्या शाळेत रोमा मुलांचे वर्ग एका मजल्यावर आणि इतरांचे दुसऱ्या मजल्यावर भरत. इतर मुलांना पोहायला नेत, रोमा मुलांना नाही. खटला वर्षानुवर्षे चालला. साठेक माजी विद्यार्थ्यांना मिळून सुमारे दहा कोटी फोरिंट भरपाई द्यायचे ठरले. २०२० च्या जानेवारीत पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान यांनी जाहीरपणे नाराजी दाखवली : काम न करता पैसे मिळतात, मग कष्टाने जगणाऱ्या गावकऱ्यांना काय वाटेल? मे महिन्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भरपाई कायम केली. त्यानंतर काही आठवड्यांत कायदा बदलला गेला, की पुढे अशा प्रकरणात रोख भरपाई नको, शिक्षणाच्या रूपात द्यावी. ज्या शाळेने मुलांना शिकवले नाही, तिच्या पापाची भरपाई म्हणून आणखी शिकवणी! गावकीतल्या पंचांनाही असा निवाडा सुचला नसता.

आयोग अगदीच झोपला होता असे नाही. शाळांतल्या या वेगळेपणाबद्दल चेक प्रजासत्ताकाविरुद्ध २०१४ मध्ये, स्लोव्हाकियाविरुद्ध २०१५ मध्ये आणि हंगेरीविरुद्ध २०१६ मध्ये कारवाई सुरू झाली. स्लोव्हाकियाला न्यायालयात खेचायचे ठरायला २०२३ चा एप्रिल उजाडला. आठ वर्षे. पहिलीत बसलेले मूल तेवढ्यात आठवी संपवते. त्याच स्लोव्हाकियात कोशित्से शहर २०१३ मध्ये युरोपची सांस्कृतिक राजधानी म्हणून मिरवत होते आणि त्याच उन्हाळ्यात तिथल्या एका उपनगरात रोमा वस्तीची वाट अडवणारी भिंत उभी राहिली. संस्कृतीच्या आयुक्त बाईंनी भिंत पाडा म्हणून पत्र पाठवले. पत्रच ते.

तुमचे ठरलेले उत्तर मला ठाऊक आहे : शिक्षण हा सदस्यराष्ट्रांचा विषय आहे, ब्रसेल्सने त्यात नाक खुपसू नये. बरे. मग अर्थसंकल्प कोणाचा विषय होता? पेन्शनचे वय, सरकारी नोकरांचे पगार, औषधांवरचा खर्च या गोष्टी तर कुठल्याही देशाच्या सार्वभौमत्वाच्या गाभ्यातल्या. ग्रीसमध्ये तुम्ही त्या सगळ्यांना हात घातलात. युरो धोक्यात होता, म्हणून घातलात. म्हणजे प्रश्न अधिकाराचा नाही, निकडीचा आहे. आणि शाळेत मुलाला वेगळे बसवणे वांशिक भेदभावाच्या २००० सालच्या तुमच्याच निर्देशात बसते, त्यासाठी नवा करारही लागत नाही.

इथे कोणी भुवया उंचावून विचारील, की तुझ्या घरी काय आहे? विचारावेच. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जन्मानेच माणसाला चोर ठरवले. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट होती, हजेरी द्यावी लागे. ३१ ऑगस्ट १९५२ ला ते जोखड गेले, तरी गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी पारध्यांच्या पालांकडे वळणे थांबलेले नाही. आणि म्युनिकच्या पोलिसांनी 'जिप्सीं'ची नोंद ठेवायला खास कचेरी उघडली ती १८९९ मध्ये. एका पठडीतले कारकून आहेत हे. पालावर वाढलेल्या पोराला शाळेचा दाखला मिळवताना काय सोसावे लागते, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला फोडून सांगावे लागत नाही, म्हणून तर हे पत्र मराठीत आहे.

'समावेश' या शब्दाचे इथले कौतुकही मी पाहिले आहे, फायद्याच्या बाजूने. इकडच्या मराठी मंडळाच्या गणपतीला महापौर येतात, मोदक खातात, नऊवारीतल्या बायकांबरोबर फोटो काढतात आणि भाषणात म्हणतात की भारतीय किती छान मिसळून गेले आहेत. टाळ्या होतात, मीही वाजवतो. पण आमचे मिसळणे सोपे होते हो. हातात नोकरीचे पत्र घेऊन, विमानाचे तिकीट कंपनीच्या पैशाने काढून आम्ही आलो. कारखान्यांना अभियंते हवे होते. सहाशे वर्षांपासून याच खंडावर राहणाऱ्या माणसाला पुढच्या गल्लीत भाड्याने घर मिळत नाही, याचा विषय त्या मंडपात निघत नाही. आमच्याकडे बोट दाखवून 'बघा, इच्छा असली की जमते' असे कोणी म्हणाले, की मला मोदक गोड लागत नाही.

आता २०१० चा राहिलेला विषय, जगातले वजन. भारताशी व्यापार कराराची बोलणी तुम्ही २००७ मध्ये सुरू केलीत, २०१३ मध्ये ती अडली, २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि २०२६ च्या जानेवारीत दिल्लीत ती पूर्ण झाल्याची घोषणा झाली. दोन्हीकडच्या लोकांचे भले होईल असे मला वाटते. परंतु तुमचे वजन फक्त बाजारपेठेचे नाही, असे तुम्हीच सांगत असता. व्यापारी सवलत हवी तर मानवी हक्कांचे आंतरराष्ट्रीय करार पाळा, ही अट तुम्ही पाकिस्तानसारख्या देशांना घालता. संघात यायचे तर अल्पसंख्याकांचे रक्षण करा, ही १९९३ ची कोपनहेगनची अट. उमेदवार देशाची त्यासाठी वर्षानुवर्षे तपासणी होते. आत आल्यावर मात्र तपासनीस घरी जातात. आणि अल्पसंख्याकांच्या रक्षणासाठी १९९५ मध्ये सह्यांना खुला झालेला कौन्सिल ऑफ युरोपचा (ही तुमच्या संघाहून वेगळी संघटना) जो करार आहे, त्यावर फ्रान्सने अजून सहीच केलेली नाही.

२०२३ च्या जुलैत तुमच्या संसदेने मणिपूरवर ठराव केला. दिल्लीने तो वसाहतवादी मानसिकता म्हणून झटकून टाकला. मला स्वतःला त्या ठरावातली काळजी खोटी वाटली नाही. मणिपूर जळत होते हे खरेच होते. पण तो इतक्या सहज झटकता आला, त्याचे एक कारण तुमच्या अंगणात आहे. ओस्त्रावाचा निकाल, ग्योंग्योशपाताचा मजला, कोशित्सेची भिंत कोणाही परराष्ट्र खात्याच्या कारकुनाला पाच मिनिटांत काढता येते. २०१० मध्ये एका आवाजात कसे बोलायचे हे तुम्ही शोधत होता. आवाज एक असून भागत नाही, ऐकणाऱ्याला उलटून बोलायला जागा राहू नये हेही पाहावे लागते.

मागणी एकच आहे, आणि तिच्यासाठी नवी संस्था, नवा दिवस, नवा पुरस्कार काही नको. २०२१ ते २०२७ च्या तुमच्या निधीला अटी आहेत. रोमांच्या बाबतीतली अट अशी, की देशाकडे रोमा समावेशाचे राष्ट्रीय धोरण असले पाहिजे. धोरण म्हणजे कागद! कागद दाखवला की अट पुरी. २०२८ ते २०३४ च्या अंदाजपत्रकाचा प्रस्ताव आयोगाने जुलै २०२५ मध्ये मांडला आहे, सुमारे दोन लाख कोटी युरोंचा. तो तुमच्या एकमताशिवाय होत नाही. त्यात ही अट बदला. धोरण आहे का हे विचारू नका, किती शाळांत रोमा मुले वेगळी बसवली आहेत आणि गेल्या वर्षी किती होती ते विचारा. आकडा वाढला तर त्या जिल्ह्याचा शाळा आणि इमारतींचा निधी थांबवा, मुलांच्या जेवणाचा आणि शिष्यवृत्तीचा चालू ठेवा. आणि थांबवण्याचा निर्णय अडवायला बहुमत लागेल, थांबवायला नाही, अशी तीच उलटी मोजणी इथेही लावा. पैसा रोखता येतो हे तुम्ही हंगेरीला दाखवले आहे. २०२२ च्या डिसेंबरात ६.३ अब्ज युरो अडवलेत, युरोपीय करदात्याच्या पैशाची नासाडी होते म्हणून. ओस्त्रावासारख्या शाळेवर होणारा खर्च ही नासाडी नाही, असे तुमच्यातले कोण म्हणेल?

सुरुवात कोणी करायची हा प्रश्न उरतो. फ्रान्स करणार नाही, मध्य युरोपातल्यांना ती परवडणार नाही, जर्मनी शेवटपर्यंत थांबून कल बघेल. स्पेनने करावी असे मला वाटते. रोमांची मोठी संख्या असूनही झोपडवस्त्या उठवून लोकांना शहरातल्या घरांत मिसळवणे आणि युरोपीय निधीतून एकेका तरुणाला नोकरीपर्यंत पोहोचवणे त्यांनी इतरांपेक्षा बरे जमवले आहे. आणि व्हॅलेन्सियाचा दंड भरलेला असल्याने चुकीच्या नोंदीची किंमत त्यांना ठाऊक आहे. अंदाजपत्रकाच्या वाटाघाटी चालू आहेत तोवरच ही अट घालता येईल. सह्या झाल्या की पुढची संधी सात वर्षांनी.

कळावे.

आपला नम्र,
जर्मनीत राहणारा एक मराठी करदाता